विरजणाचं तेल

भाद्रपद संपत आला की पनवेलला एक वास सुटतो. पावसाने काढता पाय घेतलेला असतो, ऊन एकदम डोक्यावर येतं आणि खाडीकडचा चिखल तापायला लागतो. खारट, थोडासा कुबट असा तो वास पूर्वी गावभर फिरायचा. आता मध्ये इमारती उभ्या राहिल्यात, तरी माझ्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत तो बरोबर येतो. त्याच्यामागोमाग मला मोटारीच्या काळ्या तेलाचा वास येतो. आसपास मोटार असायलाच हवी असं नाही. घरातले म्हणतात, तुमचं नाक म्हातारं झालं. असेल. पण नाकाला जे ठाऊक आहे ते घरातल्यांना ठाऊक नाही.

परवा भाच्याबरोबर त्याची गाडी सर्व्हिसिंगला द्यायला गेले होते. मला काचेच्या थंडगार खोलीत बसवून ठेवायचा तिथल्या लोकांचा बेत होता. मी ऐकलं नाही. म्हटलं, मला तेल काढताना बघायचंय. हातमोजे घातलेला एक मुलगा गाडीखाली उभा राहिला. हो, उभा राहिला, कारण गाडीच वर उचललेली होती. त्याने खालचा नट सोडला आणि काळ्या तेलाची धार भांड्यात पडली. मी विचारलं, "सगळं निघतं का रे?" तो म्हणाला, "एकदम क्लीन, आजी." हाच प्रश्न एकदा माझ्यासमोर दुसऱ्या कुणीतरी विचारला होता, आणि त्याचं उत्तर निराळं मिळालं होतं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. टायफॉइडातून उठले होते, केस मूठमूठ गळत होते, आणि डॉक्टरांनी मुंबई सोडून हवापालटाला जा म्हणून सांगितलं होतं. म्हणून माझी रवानगी पनवेलला ताईमावशीकडे झाली. ताईमावशी आईची थोरली बहीण. घर कौलारू, पुढे अंगण, अंगणात विहीर, आणि विहिरीपलीकडे पेंढ्याने शाकारलेल्या छपरात एक जुनी काळी मोटार. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, इंग्रजी बनावटीची, पुढून हँडल मारून सुरू करावी लागणारी.

मोटार मावशीच्या यजमानांची. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. ते मोटार भाड्याने चालवत, पण भाडं बहुतेक वेळा आजाऱ्यांचंच असे. बेलपाड्याची अडलेली बाळंतीण, करंजाड्याचा साप चावलेला माणूस, उरणच्या वाटेवर गाडीवरून पडलेला कुणी. मोटारीचं सगळं ते स्वतः करत. दरवर्षी पाऊस संपता संपता इंजिनातलं तेल बदलायचं हा त्यांचा नेम. आणि काढलेलं काळं तेल डब्यात भरून खाडीवर हिरा तांडेलाला नेऊन द्यायचं हा दुसरा नेम. हिरा ते होडीच्या बुडाला चोपडायचा, लाकूड कुजत नाही म्हणून.

लढाई संपल्यानंतरच्या एका भाद्रपदात अण्णांनी असंच तेल बदललं, हात माती लावून धुतले, आणि मावशीला म्हणाले, "हिराला डबा देऊन येतो, तोवर जेवायला पान घे." मावशीने पान घेतलं. अण्णा आले नाहीत. संध्याकाळी लोकांना बांधावर डबा सापडला. भरलेला, झाकण घट्ट. शेजारी अण्णांच्या वहाणा, एकीला एक लावून ठेवलेल्या. माणूस मात्र सापडला नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. कुणी म्हणे मुंबईच्या गोदीत दिसले, कुणी म्हणे बोटीवर गेले. मावशीचं म्हणणं एकच होतं: वहाणा इतक्या नीट ठेवून गेलेला माणूस त्या घालायला परत येतो.

तिने कुंकू पुसलं नाही. मोटार विकली नाही. गावातल्या उस्मानभाई मिस्त्रीकडून ती मोटार चालवायला शिकली, पदर कमरेला खोचून. त्या काळात बाई मोटार चालवते हे बघायला लोक दुकानांच्या फळ्यांवरून उतरून रस्त्यावर येत. नंतर त्यांची सवय झाली. बाळंतिणीला काय, मोटार कोण चालवतंय यापेक्षा ती चालतेय हे महत्त्वाचं.

हे सगळं मला आईकडून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते असं, की मावशी मोटारीशी बोलते.

पहिल्या सकाळी मी अंगणात तोंड धूत होते. मावशी छपरात गेली, तिने मोटारीचं एका बाजूचं झाकण उघडलं, तेल बघायची लांब सळई बाहेर ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घालून काढली आणि उजेडात धरली. मग सहज, चहा झाला का विचारावं अशा आवाजात म्हणाली, "आज थोडे खाली आहेत." मी मागे वळून बघितलं. मला वाटलं कुणी आलंय. अंगणात आम्ही दोघीच होतो.

दोनचार दिवसांत कळलं की ती 'तेल' हा शब्द त्या मोटारीच्या बाबतीत उच्चारतच नाही. वर आहेत, खाली आहेत, आज काळे दिसतात, आज बरे आहेत. नवऱ्याबद्दल बोलावं तसं. मी हसण्यावारी नेलं. बायका तुळशीशी बोलतात, गाईशी बोलतात, ही मोटारीशी बोलते. पण मग एका दुपारी तिने मला विरजणाची गोष्ट सांगितली आणि माझं हसू मावळलं.

आम्ही स्वयंपाकघरात होतो. ती दुधाला विरजण लावत होती. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या. म्हणाली, "हे दही माझ्या लग्नातलं आहे, ठाऊक आहे? सासूबाईंच्या विरजणाचं. मोडू दिलं नाही कधी." आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, "मोटारीचंही तसंच. यांनी शेवटचे घातले ते मी कधी सगळे जाऊ दिले नाहीत. बदलताना वाटीभर काढून ठेवते आणि त्यातले थोडे नव्यात घालते." फळीवर लोणच्याच्या बरण्यांशेजारी एक छोटी चिनी मातीची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. ती वर्षातून एकदाच उघडायची.

उस्मानभाईंनी तिला सांगून पाहिलं होतं. जुनं तेल नव्यात घालणं म्हणजे धुतलेल्या पातेल्यात खरकटं टाकणं. इंजिनाची खराबी होते. मावशी ऐकून घ्यायची आणि बरणी उघडायची. मला तिच्या वेडेपणाची भीती वाटायला हवी होती. मला भीती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. तिचं म्हणणं मला पटायला लागलं होतं. दह्यात सासूबाई आहेत, हे मी निमूटपणे खातच होते की.

मोटार सुरू करताना खोकायची. हँडल मारलं की आधी दोनदा घसा साफ केल्यासारखा आवाज, मग क्षणभर शांतता, मग इंजिन धरायचं. अण्णांचे धाकटे भाऊ भास्करराव पेणहून यायचे. ते तो आवाज ऐकला की मान खाली घालून वहाणा शोधायला लागत. एकदा मला हळूच म्हणाले, "दादा असंच खाकरायचा. दारात आला की आधी दोनदा."

मी अण्णांना पाहिलेलं नव्हतं. त्यांचा फोटोसुद्धा घरात नव्हता, कारण फोटो लावायचा म्हणजे हार घालायचा. तरी एका टळटळीत दुपारी मावशी झोपलेली असताना मला छपरातून खोकला ऐकू आला. दोनदा. मला वाटलं मोटारीला कुणी हात लावतंय. मी तशीच अनवाणी धावले. छपरात कुणी नव्हतं. हँडल खुंटीला होतं. इंजिनावर हात ठेवून पाहिला, गार होतं. पेंढ्यातून उन्हाचे कवडसे पडले होते आणि मोटारीचे दोन दिवे माझ्याकडे बघत होते. मी मागे मागे चालत अंगणात आले, पाठ वळवायचं धाडस झालं नाही. टायफॉइडाने डोकं हलकं झालं होतं, हे खरं. पण कान शाबूत होते.

त्या वर्षी बारा वर्षं पुरी होत होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि पुढचे विधी करायचे, अशी आपल्यात रीत. भास्करराव त्यासाठीच आले होते. पितृपक्ष चालू होता. ते ओटीवर बसून मावशीला म्हणाले, "वहिनी, पुरे झालं आता. दादाला पाणी मिळालेलं नाही."

मावशी दारात उभी होती. म्हणाली, "मिळायला ते गेलेत कुठे? मोटार चालू आहे ना?"

भास्करराव पेणला परत गेले नाहीत, इथेच राहिले. मलाही दडपण आलं. मावशीचं कुंकू, तिची बरणी, तिची सकाळची सळई, सगळं एकाच धाग्यावर लटकलेलं मला दिसत होतं. तो धागा तुटला तर ती काय करेल, याचा विचार मी करायची नाही.

आणि त्याच आठवड्यात ती सकाळी सळई उजेडात धरून म्हणाली, "आज वर आलेत."

दुसऱ्या दिवशी आणखी वर. तिसऱ्या दिवशी आणखी. कुणी काही घातलं नव्हतं. मोटारीतलं तेल कमी होतं, जळतं, गळतं. ते आपोआप वाढत नाही, एवढं मलाही कळत होतं. मावशीच्या चेहऱ्यावर मात्र एक कोवळी चमक आली होती. तिने त्या दिवशी अबोलीचा गजरा माळला. जेवायला एक पान जास्त मांडलं आणि मग माझ्याकडे बघून ते उचललं. मला तिच्याकडे बघवेना.

चौथ्या दिवशी सळई बाहेर आली ती पांढुरकी. काळं तेल ताकासारखं झालं होतं, दाट, फेसाळ. मावशीने ते बोटावर घेतलं. अंगठ्याने चोळलं. मग मी काही म्हणायच्या आत तिने बोट जिभेला लावलं.

"खारट," ती म्हणाली.

ती तिथेच मोटारीच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "पाणी शिरलंय गं त्यांच्यात."

अंगावर काटा येतो म्हणतात, तो मला त्या दिवशी पायाच्या तळव्यापासून आला. कारण तिला काय कळलं ते मलाही कळलं. बारा वर्षं गोदी, बोट, मुंबई, काय काय म्हणत आलो होतो सगळे. आणि आता ते स्वतःच सांगत होते.

उस्मानभाई आले. त्यांनी बघितलं आणि मान हलवली. "बाई, गॅस्केट गेलं. रेडिएटरचं पाणी तेलाच्या चेंबरमध्ये उतरतंय, म्हणून लेवल वाढली. आता सगळं खोलावं लागेल. हे तेल सगळं काढायचं, आतून रॉकेलने धुवायचं. नाहीतर इंजिन जाम होईल. मग मी काही करू शकणार नाही, खुदा कसम."

"आणि खारट का?" मी विचारलं.

भास्कररावांनी घाईघाईने उत्तर दिलं, "विहीर खाडीजवळ आहे ना. मचूळ पाणी." पण मचूळ पाणी उन्हाळ्यात. भाद्रपदात विहीर काठोकाठ भरलेली होती आणि त्याच पाण्याचा चहा आम्ही पीत होतो. भास्कररावसुद्धा त्याच चहाचा कप हातात धरून बसले होते. त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

मावशीने फार विचार केला नाही. दिराकडे वळून म्हणाली, "भाऊजी, गुरुजींना बोलवा."

विधी सर्वपित्री अमावस्येला झाला, खाडीच्या काठी. आम्ही बायका घरी. घरात सगळ्यांनी मनाची एक तयारी केली होती, की कावळा शिवणार नाही. बारा वर्षं अडकलेला माणूस, त्याची काय काय इच्छा राहिली असेल. भास्करराव तर काय काय कबूल करायचं ते मनात घोकत गेले होते. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ओटीवर बसून म्हणाले, "वहिनी, मी पिंड ठेवून हात मागे घेईपर्यंतसुद्धा थांबला नाही. झडपच घातली."

मावशी म्हणाली, "भुकेले असणार." आणि मग ती रडली. मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं, ओठ मिटून, आवाज न करता. पान घेऊन ठेवलं होतं तिने, आणि माणूस बारा वर्षं बाहेर उपाशी उभा होता. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. गावात बायका परड्या घेऊन निघाल्या होत्या आणि आमच्या छपरात मावशी गोणपाट अंथरून मोटारीखाली शिरली. उस्मानभाई म्हणाले, मी काढतो. ती म्हणाली, नको. तिने पान्याने नट सोडला. ताकासारखं ते पांढुरकं तेल आवाज करत डब्यात पडलं आणि पडतच राहिलं, कारण त्यात पाणी होतं. धार संपली तरी ती थेंबांखाली पडून राहिली. मग बाहेर आली, स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरची बरणी आणून त्याच डब्यात उपडी केली.

छपराच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली आणखी एक डबा होता. अण्णांचा, बांधावर सापडलेला. तो तिने बारा वर्षं उघडला नव्हता. नंतरच्या वर्षांचं काळं तेल ती बैलगाड्यांच्या कण्यांना वंगण म्हणून देऊन टाकायची, खाडीकडे थेंब जाऊ द्यायची नाही. आता तिने अण्णांचा डबा स्वतः उचलला आणि दुसरा मला दिला. आम्ही खाडीवर निघालो. मला अजून अशक्तपणा होता. डब्याची कडी बोटात रुतत होती आणि आतलं तेल पावलागणिक हेलकावत होतं, कुणी आतून कूस बदलावी तसं.

हिरा तांडेल बांधाच्या उतरणीवर होडी उलटी टाकून बसला होता. म्हातारा झाला होता. मावशीला बघून उठून उभा राहिला. तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, मग डब्याकडे.

"बाय, तुमी कशाला आलाव? मला सांगायचं व्हतं."

"यांनी तुला डबा आणून देतो म्हटलं होतं ना. घे," मावशी म्हणाली.

हिराने डबा ओळखला. तो खाली बसला. "आन्ना दुपारी येतो बोललं व्हतं. मी हितंच थांबलू व्हतू. पन भरती लागली, पोरं वरडाया लागली, म्हून मी होडी काडली. मंग लांबून बगलं, तर आन्ना बांदावर उबं. मला हाका मारत व्हतं. मी हात केला, की मागारी जा. ते वाना काडून खाली उतारलं, चिकलात. माज्याकरं यायला. मंग तिवरांच्या आड झालं. मला वाटलं, गेलं मागारी घरी."

खाडीवर वारा पडला होता. मावशी म्हणाली, "बारा वर्षांत सांगितलं नाहीस?"

"तुमी इचारलं नाय, बाय. तुमी सगल्यांना सांगत व्हता, ते येनार हायत. मी कसा सांगू, का नाय येनार?"

मावशी त्याच्यावर ओरडेल असं मला वाटलं. तिने अण्णांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. हिराने अण्णांच्या डब्याचं झाकण दगडाने ठोकून उघडलं. आत तेल जसंच्या तसं काळंभोर. त्याने चिंधी बुडवली आणि आमच्यादेखत होडीच्या बुडाला लावायला लागला. माझ्या डब्यात बोट घालून मात्र म्हणाला, "ह्ये लागाचं नाय. पानी हाय ह्याच्यात." त्यानेही बोट जिभेला लावलं आणि मावशीकडे बघितलं. "खारीचं हाय." म्हणजे खाडीचं.

"मग खाडीत सोड," मावशी म्हणाली.

ओहोटी लागलेली होती. हिराने डबा पाण्यात कलता केला. पांढुरकं ते सगळं बाहेर आलं, जरा वेळ काठाशी घुटमळलं, आणि मग त्याच्यातलं तेल सुटं होऊन पाण्यावर पसरलं. निळं, जांभळं, हिरवं. तिवरांच्या झुडपांच्या मुळांपाशी ते एकदा थांबल्यासारखं वाटलं. मग ते समुद्राच्या दिशेने निघून गेलं.

उस्मानभाईंनी चार दिवस मोटार खोलून ठेवली होती. गॅस्केट मुंबईहून आलं. रॉकेलने आतून धुतलं, पुन्हा धुतलं. मावशी शेजारी उभी. तिने विचारलं, "सगळं निघालं का?"

उस्मानभाई खरं बोलणारा माणूस. हात पुशीत म्हणाले, "बाई, कितीही धुतलं तरी आत बारीक बारीक नळ्या असतात. थोडं जुनं राहतंच. तुम्हाला त्या बरणीची कधी गरजच नव्हती."

मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं नाही बोलले, मग आता कशाला? पण मावशी शांत होती. म्हणाली, "राहील ते राहू दे. ते मी ठेवलेलं नाही."

दसऱ्याच्या सकाळी आम्ही मोटारीला झेंडूचा हार घातला. कुंकू मी लावलं. मावशीने नवं तेल घातलं, मधासारखं, पलीकडचं दिसेल असं. सळई घालून बघितली, पुसली, आणि म्हणाली, "तेल बरोबर आहे." भास्कररावांनी चटकन माझ्याकडे बघितलं. मी झेंडूच्या पाकळ्या वेचत राहिले.

मग मावशीने खुंटीवरचं हँडल काढलं, पदर खोचला आणि वाकून एक झटका दिला. मोटार त्या एकाच झटक्यात सुरू झाली. अडखळली नाही, खाकरली नाही. इंजिन एकसुरात, गुळगुळीत चालत होतं. सगळं छप्पर त्या आवाजाने भरून गेलं. आणि मावशी हँडल दोन्ही हातांत धरून तशीच वाकून उभी होती, खोकला ऐकू येण्याची वाट बघत.